बावन्न सेकंद सावधान!

"बावन्न सेकंद! एक सेकंद इकडे नाही की तिकडे नाही. आणि त्या बावन्न सेकंदांत या गावातली माशीसुद्धा पंख हलवणार नाही. लिहून घ्या सर!"

असं म्हणून मोनिकाने मुख्याध्यापकांच्या टेबलावर हात आपटला. त्या दणक्याने टेबलावरचा पृथ्वीगोल गडगडत खाली गेला, तो भाग वेगळा. दहावीत गेल्यापासून पोरीच्या अंगात आत्मविश्वास असा भरला होता, जसा ट्रॉलीत ऊस भरतात. चाकं वाकली तरी वरून आणखी एक मोळी!

पालवे सरांनी पृथ्वी उचलून जागेवर ठेवली आणि चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

"मागच्या वर्षीचं विसरलीस?"

ते कोण विसरेल! तिसगावपासून चार किलोमीटर आत आमचं चिंचडोह. तिथे दर डिसेंबरात शाळेच्या ग्राउंडवर कबड्डीचे सामने भरतात. मागच्या वर्षी उद्घाटनाला राष्ट्रगीत लागलं तेव्हा निम्मं पब्लिक उभं होतं, कारण बसायला जागा नव्हती. उरलेलं निम्मं बसून होतं, कारण उठलं असतं तर जागा गेली असती! एक जण फोनवर ओरडत होता, "आरं, राष्ट्रगीत चालूय हितं, तू बोल, तू बोल!" वडेवाल्या छबूबाईंची "गरमागरम"ची आरोळी बरोबर मधल्या ओळीत घुसली. शेवटी लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मागून कुणीतरी "वन्स मोअर!" म्हणालं. पालवे सर त्या दिवशी जेवले नव्हते म्हणतात.

"म्हणूनच सांगते सर, शिस्त मी लावते. पण मग यंदा मुलींची मॅच ठेवायची."

खरं दुखणं हेच होतं. चिंचडोहात सतरा वर्षं सामने होत होते आणि सतरा वर्षं मुली काय करत होत्या? तर पाहुण्यांना ओवाळत होत्या, स्वागतगीत म्हणत होत्या आणि खेळणाऱ्या पोरांसाठी पाण्याचे जार भरत होत्या. यंदा मोनिकाने शुभांगीला आणि आणखी पाच जणींना धरून शाळेमागच्या नांगरटीत वर्षभर सराव केला होता. ढेकळांत पडून पडून सातही जणींचे गुडघे भाजलेल्या वांग्यासारखे झाले होते. घोडेगावच्या मुलींचा संघ यायला तयार होता. अडलं होतं ते फक्त सरांच्या 'हो'वर.

सरांनी पृथ्वीला एक गिरकी दिली. मग म्हणाले, "ठीक आहे. पण अट ऐक. राष्ट्रगीत चालू असताना एक जरी माणूस हलला, तरी मुलींची मॅच रद्द. एक जरी!"

"आणि जनावरं?"

"जनावरांना सूट."

"मग झालंच समजा, सर!"

मोनिका तडक गेली ती मच्छिंद्रकडे. मच्छिंद्र म्हणजे गावाचा मंडप-साउंडवाला. पोरं त्याला मच्छूदादा म्हणतात. शाळेच्या मुलींनी म्हटलेलं, घड्याळ लावून बरोबर बावन्न सेकंदांत बसवलेलं राष्ट्रगीत तिने मोबाईलवर रेकॉर्ड केलं होतं.

"मच्छूदादा, आठ दिवस तालीम घ्यायची आहे. सारखं बटण दाबायला लागू नये असं काहीतरी कर."

"सोप्पंय. पेनड्राइव्हमदी हे एकच गानं टाकतो आन रिपीटला लावतो. तू थांबवशील तवाच थांबंल."

"गाणं नाही, राष्ट्रगीत!"

"व्हय, तेच."

"आणि उद्घाटनाच्या दिवशी लाइट गेली तर?"

हा प्रश्न मच्छूदादाला खानदानाचा अपमान वाटला. त्याने छाती पुढे काढली. "इन्व्हर्टर हाय की! लाइट जाऊ दे, न्हाईतर जग बुडू दे, मच्छिंद्रचा साउंड बंद पडनार न्हाई!"

झालं! खोक्याएवढा स्पीकर काखेत मारून मोनिका आणि शुभांगी आठ दिवस गावभर गनिमी काव्याने फिरल्या. कुठेही जायचं, कुणाला सांगायचं नाही आणि बटण दाबायचं! न्हाव्याच्या दुकानात लावलं. गिऱ्हाईक तोंडाला फेस तसाच ठेवून ताठ उभं राहिलं आणि त्याच्या गळ्यापासून चार बोटांवर वस्तरा ताठ उभा राहिला. गिरणीत लावलं, तर गिरणीवाला सावधान, आणि पीठ डबा भरून त्याच्या चपलांवर येऊन बसलं. रंभाजीनाना शेळ्यांसाठी पाला तोडायला बाभळीवर चढले होते. ते फांदीवरच सावधान झाले आणि नंतर खाली उतरून म्हणाले, "पोरी, आता झाडावर हुभं ऱ्हायलेलं चालतंय का, ते सरांना इचारून ठिव."

घरीसुद्धा सूट नव्हती. आईच्या मोबाईलवर मोनिकाने रोज दुपारी चारचा अलार्म लावला, तोही राष्ट्रगीताचा. चार वाजले की आई आणि गोजरबाई आजी जिथे असतील तिथे उभ्या.

"आगं मेले, चहाचं दूध उतू गेलं माझं!" आजी बावन्न सेकंद दम खाऊन त्रेपन्नाव्याला ओरडायची.

"देशासाठी गेलं, आजी!"

ही अलार्मची भानगड सरांच्या कानावर गेली. त्यांनी मोनिकाला रस्त्यातच गाठलं.

"अगं, राष्ट्रगीताची रिंगटोन करू नये. अवमान होतो तो."

"रिंगटोन नाही सर, अलार्म आहे."

"तोही काढ!"

"काढते सर!" असं म्हणत मोनिका पळाली. कारण ग्रामपंचायतीची मीटिंग सुरू झाली होती आणि तेवढ्याच लोकांची तालीम बाकी होती.

सामन्यांचा दिवस उजाडला. ग्राउंडवर मुंगीला पाय ठेवायला जागा नव्हती. स्टेजवर प्रमुख पाहुणे आप्पासाहेब, डोक्याला फेटा, गळ्यात झेंडूचा हार आणि हातात चौदा पानी भाषण. शेजारी पालवे सर. स्टेजच्या कोपऱ्यात मोनिका. चिंचेखाली साउंडची मशीन, तिला तालमीचाच पेनड्राइव्ह. अकराला सहा मिनिटं कमी असताना मोनिकाने मच्छूदादाला मान हलवून खूण केली. त्याने बटण दाबलं, चार पावलं पुढे आला आणि स्टेजकडे तोंड करून उभा राहिला.

आणि काय सांगावं! हजार माणसं एका झटक्यात पुतळा झाली. छबूबाईंचा झारा कढईवर अधांतरी थांबला. रडणारं पोर तोंड उघडं ठेवून गप्प झालं. पालवे सर फक्त बुबुळं फिरवत होते. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. कुणी हलत नव्हतं! पन्नास... एक्कावन्न... बावन्न! मोनिकाच्या डोळ्यांसमोर मुलींची मॅच फुगडी घालायला लागली.

संपलं. लोकांनी श्वास सोडला. आप्पासाहेब खुर्चीत बसायला वाकले.

आणि राष्ट्रगीत पुन्हा सुरू झालं!

रिपीट! तालमीत बटण मोनिकाच्याच हातात असायचं, ती स्वतः थांबवायची. रिपीट काढायचं मात्र तिनेही सांगितलं नव्हतं आणि मच्छूदादानेही काढलं नव्हतं.

आता बंद कोण करणार? मशीनपर्यंत जायचं म्हणजे चालत जायचं. चालायचं म्हणजे हलायचं. आणि एक जरी माणूस हलला तरी मॅच रद्द! शिवाय एवढी तालीम झाल्यावर कुणाचा पायच उचलत नव्हता. सगळ्यात वाईट अवस्था आप्पासाहेबांची. ते बसता बसता अडकले होते. त्यांच्यात आणि खुर्चीत एक वीतभर अंतर! त्या वीतभर हवेवर ते बावन्न सेकंद तोलून राहिले. त्यांच्या गुडघ्यांनी मात्र भलताच ठेका धरला होता.

एक संपून दुसरं सुरू होईपर्यंत मध्ये फक्त एक सेकंद जायचा. जे काही करायचं ते त्या एका सेकंदात! आप्पासाहेब पहिल्यांदा तेवढ्यात कसेबसे सरळ झाले. मोनिकाने तोंड उघडलं.

"मच्छूदादा, रि—"

सुरू! बावन्न सेकंद ती तोंडातला 'रि' तसाच धरून उभी राहिली.

"—पीट!"

सुरू! मच्छूदादाने तिच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर केवढा अभिमान! पुढच्या फटीत त्याने उत्तर दिलं, "व्हय, रिपीटच हाय की!"

सुरू! मोनिकाला वाटलं, आता इथेच रडावं. पण रडताना खांदे हलतात.

तेवढ्यात स्टेजवर रंभाजीनानांची शेळी चढली. जनावरांना सूट होतीच! तिने आधी झेंडूचा हार हुंगला, दोन फुलं खाल्ली, पण ती काही आवडली नाहीत. मग आप्पासाहेबांच्या हातातल्या भाषणाला तिने तोंड घातलं. पहिलं पान गेलं. दुसरं गेलं. आप्पासाहेबांचे डोळे खोबणीतून बाहेर आले, पण हात पँटच्या शिवणीला चिकटलेला. आणि तुम्हाला म्हणून सांगते, त्या हजार माणसांत एकाच्याही मनात शेळीला हाकलावं असं आलं नाही. सगळे मनातल्या मनात तिला पानं मोजून देत होते.

फट आली. "बंद कर!" मोनिका ओरडली.

त्याच सेकंदात छबूबाईही ओरडल्या, "माझं वडं जळ—"

सुरू! खालून जळक्या बेसनाचा धूर येऊ लागला. मच्छूदादाच्या चेहऱ्यावर आता कुठे उजेड पडला. मान जागेवरच, पण डोळे म्हणत होते, 'आयला!'

पुढची फट आली. मच्छूदादा गर्रकन वळला, एक पाऊल टाकलं आणि त्याचा पाय त्याच्याच मंडपाच्या दोरीत अडकला. पडला तो सरळ तोंडावर! पडेपर्यंत राष्ट्रगीत पुन्हा सुरू. पण शिस्त बघा. गडी मातीत पालथा, तरीही टाचा जुळलेल्या, हात शिवणीला! अशी आडवी सावधान चिंचडोहाने त्याआधी पाहिली नव्हती. मच्छूदादाचा खेळ मात्र तिथेच संपला. त्या अवस्थेतून एका सेकंदात उठणं कुणाच्या बापाला जमलं नसतं.

आता एकच आशा होती, ती म्हणजे लाइट! आमच्या फीडरची लाइट अकराच्या ठोक्याला जाते. घड्याळ चुकेल, वायरमन चुकणार नाही. लाइट जाते म्हणून याच गावाने दोनदा मोर्चा नेला होता. आज तेच गाव मनातून विनवत होतं, 'जा बाई, जा! आजच्या दिवस वेळेवर जा!'

आणि गेली! ओळीच्या मधोमध आवाज कापला गेला. अहाहा! हजार छात्या एकदम खाली गेल्या.

टक्! चिंचेखाली इन्व्हर्टर जागा झाला. मशीनने डोळा उघडला, पेनड्राइव्ह चाचपला आणि राष्ट्रगीत पहिल्यापासून सुरू केलं.

पालथ्या मच्छूदादाचे कान लाल झाले. जग बुडत होतं, आणि त्याचा साउंड बंद पडत नव्हता!

मोनिकाने आता आशा सोडली. स्टेजपासून मशीन बरीच लांब. कुणी पळत गेलं तरी दोन सेकंद लागणार, आणि फट एका सेकंदाची. तेवढ्यात तिची नजर ग्राउंडच्या कडेला गेली. तिथे मुलींचा संघ उभा होता आणि सगळ्यात टोकाला शुभांगी. अंगाने तुरीच्या काडीसारखी, पण नांगरटीत तिची झेप बघून टिटव्या अंडी उचलायच्या! शुभांगीने मोनिकाकडे पाहिलं. मग मशीनकडे पाहिलं. मग डोळ्यांनीच अंतर मोजलं, अगदी समोर बोनसची रेषा मोजावी तसं.

मोनिकाने एक डोळा मिटला. डोळे हलवायला बंदी नव्हती!

फट! शुभांगी सुटली. एक टांग, दोन टांगा, झेप... आणि सुरू! शुभांगी जागच्या जागी गोठली. एक गुडघा मातीत, दुसरा पाय ताणून मागे, उजवा हात पुढे. मशीन बोटांपासून वीतभर लांब! मुलगी थरथरली नाही. कपाळावरचा घाम नाकावर आला, नाकावरून ओठावर आला, पण पोरगी दगड! हजार माणसं तिची ती बोटं बघत होती. घोडेगावच्या पोरीसुद्धा. बावन्न सेकंदांची असली रेड कुणी जन्मात पाहिली नव्हती.

पन्नास... एक्कावन्न... बावन्न...

फट!

"टच!" शुभांगीने पेनड्राइव्ह उपसून वर धरला.

शांतता. कुणीही हललं नाही. अर्धं मिनिट झालं तरी नाही. विश्वास कोण ठेवणार! शेवटी गोजरबाई आजीने पुकारा केला, "मेल्यांनो, संपलं! बसा आता!" आणि सगळं ग्राउंड पोत्यासारखं खाली बसलं.

पालवे सर माइकपाशी आले. डोळे भरलेले. "अठ्ठावीस वर्षांची नोकरी झाली माझी. नऊ वेळा राष्ट्रगीत वाजलं आणि ते वाजत असताना एकही माणूस हलला नाही. आज दुपारी साडेतीन वाजता मुलींचा सामना होईल!"

असा गलका झाला की शेळी शेवटचं पान टाकून पळाली. "मला दोन शब्द बोलायचे होते..." असं आप्पासाहेब म्हणाले, पण शब्द शेळीच्या पोटात होते.

साडेतीनला सामना लागला. चिंचडोहच्या मुली विरुद्ध घोडेगावच्या मुली. घोडेगावच्या पोरी म्हणजे बाजारातल्या खिल्लारी जोड्या, धरलं की सोडायचं काम नाही! पण इकडे शुभांगीने पॉइंट आणले, मोनिकाने आणले, आणि बघता बघता गुण झाले एकवीस-एकवीस. शेवटची रेड. मोनिकाची!

सगळं ग्राउंड चिडीचूप. कॉमेंट्रीच्या माइकशेजारी मोनिकाची आई बसली होती. लेकीची रेड बघायची म्हणून तिने दोन्ही हातांनी मोबाईल छातीशी घट्ट धरला होता.

"कबड्डी कबड्डी कबड्डी..." मोनिका आत शिरली. डावीकडे हूल, उजवीकडे हूल, आणि सपकन पाय फिरवला. कोपऱ्यातल्या पोरीच्या घोट्याला लागला! पंचांनी पाहिलं, पब्लिकनेही पाहिलं. आता फक्त वळून मध्यरेषा गाठायची. तीन पावलं... दोन... एक...

बरोबर चार वाजले.

आईच्या छातीवरून, माइकातून, मच्छूदादाच्या सहाच्या सहा स्पीकरांतून राष्ट्रगीत सुरू झालं.

मोनिकाचा पाय हवेत थांबला. मध्यरेषा तिच्या अंगठ्यापासून चार बोटांवर. तिला पकडायला धावलेल्या घोडेगावच्या पोरी हात पसरून थांबल्या. सकाळी नऊ वेळा तालीम त्यांचीही झाली होतीच! पंच थांबले. पब्लिक उभं राहून थांबलं. आई पण थांबली. अलार्म बंद करायचा तर हात हलवायला लागतो ना!

एका पायावर मोनिका बावन्न सेकंद उभी होती आणि तिच्या डोक्यात फक्त हिशेब चालला होता. रेड असते तीस सेकंदांची. राष्ट्रगीत बावन्न सेकंदांचं. आणि 'कबड्डी कबड्डी' म्हणणं तर पहिल्याच सेकंदाला थांबलेलं.

राष्ट्रगीत संपलं. पंचांनी अतिशय आदराने शिट्टी वाजवली.

"दम तुटला. वेळही संपली. रेडर आऊट. घोडेगाव एका गुणाने विजयी!"

मोनिकाने पाय खाली ठेवला. बरोबर मध्यरेषेवर.

पालवे सर हळूहळू चालत तिच्यापाशी आले. "मोनिका. रिंगटोन काढ म्हणालो होतो ना?"

मोनिकाने मान खाली घातली. "अलार्म होता, सर."

आता बक्षीस समारंभ. चिंचडोहाची जुनी रीत अशी की यजमान कॅप्टनने जिंकलेल्या कॅप्टनच्या हातात ढाल द्यायची. मोनिका ढाल घेऊन स्टेजवर उभी राहिली. सतरा वर्षांत पहिल्यांदा एका मुलीच्या हातात ती ढाल आली होती, आणि आली ती द्यायला! तिसगावचा फोटोग्राफर समोर गुडघ्यावर बसला. घोडेगावच्या कॅप्टनने हसत हात पुढे केले. मोनिकाने जड मनाने ढाल पुढे सरकवली.

चार वाजून दहा मिनिटं झाली होती. न बंद केलेला अलार्म दहा मिनिटांनी पुन्हा वाजतो, हे ज्याच्या घरात उशिरा उठणारं माणूस आहे, त्याला सांगायला नको.

राष्ट्रगीत लागलं. सगळे सावधान. ढाल मोनिकाच्या बोटांत अडकली ती सुटली नाही.

तर घोडेगावने जिंकलेली ढाल पुढे पूर्ण बावन्न सेकंद चिंचडोहच्या मुलींच्या कॅप्टनच्या हातात होती! छाती पुढे, मान ताठ, सूर्य बरोबर ढालीवर. आयुष्यात असा फोटो पुन्हा यायचा नाही!

फोटो मात्र निघाला नाही. फोटोग्राफरही सावधानमध्ये उभा होता.